आधी टेबल मोजा, मग मॉनिटर घ्या



मॉनिटरच्या खोक्यावर हल्ली काय काय छापलेलं असतं, ते एकदा सावकाश वाचून पाहा. ‘आय केअर’, ‘लो ब्लू लाइट’, ‘फ्लिकर फ्री’, ‘आय कम्फर्ट’. एका कोपऱ्यात डोळ्याचं चित्र, दुसऱ्या कोपऱ्यात कुठल्यातरी परदेशी संस्थेचा शिक्का. वाचणाऱ्याला वाटावं, आपण कॉम्प्युटरची स्क्रीन नव्हे, डोळ्यांचं औषधच विकत घेतोय. मग २७ किंवा ३२ इंची, ४के असा मॉनिटर घरी येतो. आणि पुढच्या काही आठवड्यांत डोळे चुरचुरतात, संध्याकाळी डोकं जड होतं, मान आखडते म्हणून तीच मंडळी डॉक्टरकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, मॉनिटर चुकीचा घेतला का? अजून भारीतला घ्यायला हवा होता का?”

नाही. मॉनिटर बहुतेक वेळा ठीकच असतो. चुकतात त्या चार गोष्टी: टेबलाची खोली, स्क्रीनची उंची, अक्षरांचा आकार आणि चष्म्याचा नंबर. यातली एकही गोष्ट खोक्यात मिळत नाही. म्हणूनच तिची जाहिरात कोणी करत नाही. तीस-चाळीस हजारांची स्क्रीन घेताना आपण महिनाभर व्हिडिओ पाहतो, मित्रांना विचारतो, सेल लागण्याची वाट पाहतो. पण ती जिथे ठेवायची ते टेबल किती खोल आहे, हे मोजायला दोन मिनिटं काढत नाही. आजचा लेख या उलट्या कारभाराबद्दल आहे.

मोठी स्क्रीन शत्रू नाही

आधी एक गैरसमज दूर करू, कारण घरातली वडीलधारी मंडळी उलट्या बाजूने घाबरवत असतात. “एवढी मोठी स्क्रीन? डोळे जातील!” असं काही होत नाही. मोठ्या स्क्रीनसमोर बसून प्रौढ माणसाच्या डोळ्याचा पडदा खराब होत नाही, मोतीबिंदू लवकर होत नाही.

उलट हिशेब करून पाहा. जवळचं पाहण्यासाठी डोळ्याला आतल्या भिंगाची ताकद वाढवावी लागते. मोबाइल आपण साधारण ३३ सेंटिमीटरवर धरतो. तिथे स्पष्ट दिसायला, लांबचं स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्याला ३ डायॉप्टरचा जोर लावावा लागतो. ६० सेंटिमीटरवरच्या मॉनिटरसाठी हाच जोर सुमारे १.७ डायॉप्टर. म्हणजे जवळपास निम्मा. तेच काम, तीच फाइल, तेवढेच तास असतील, तर हातातल्या मोबाइलपेक्षा टेबलावरची नीट मांडलेली मोठी स्क्रीन डोळ्यांना सोपी जाते. मुलाचा अभ्यास स्क्रीनवर होणारच असेल, तर तो मोबाइलवर करून घेण्यापेक्षा मॉनिटरवर करून घ्या. शिवाय रोज उजेडात बाहेर खेळायला सोडा, कारण मुलांचा उणे नंबर लागण्याचं प्रमाण बाहेरच्या उजेडात वावरल्याने कमी होतं, हे चाचण्यांत दिसलेलं आहे.

तेव्हा माझं भांडण मोठ्या स्क्रीनशी नाही. ती ज्या पद्धतीने विकली जाते आणि ज्या पद्धतीने आपण ती टेबलावर आणून आदळतो, त्याच्याशी आहे.

निळ्या प्रकाशाचा बागुलबुवा

सगळ्यात जोरात विकली जाणारी भीती म्हणजे निळा प्रकाश. चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ काचेचे जास्तीचे पैसे घेतात, मॉनिटरवर ‘लो ब्लू लाइट’चा शिक्का असतो.

२०२३ साली कोक्रेन या संस्थेने निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. वैद्यकातले पुरावे पारखून घेणारी ही जगभर मानली जाणारी संस्था आहे. निष्कर्ष असा की, कॉम्प्युटरवर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा या काचांमुळे साध्या काचांपेक्षा कमी होतो, असं थोड्या काळाच्या या चाचण्यांत दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटना कॉम्प्युटरसाठी असा चष्मा घ्या असं सांगत नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ साली चष्म्यांच्या एका मोठ्या साखळीला, निळ्या प्रकाशाबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात केली म्हणून ४० हजार पौंडांचा दंड झाला.

साध्या बुद्धीनेही पाहा. ऑफिसच्या मॉनिटरची उजळता साधारण २५० ते ३५० निट्स असते. दिवसाचं निरभ्र आकाश याच्या कितीतरी पट उजळ असतं, आणि ते निळंच असतं. गच्चीवर पापड वाळत घालताना तुम्ही ब्लू कट चष्मा लावत नाही ना?

मग प्रश्न येतो, “पण डॉक्टर, मला त्या चष्म्याने खरंच बरं वाटलं!” वाटलं असेल. तो चष्मा करताना बऱ्याच वर्षांनी नंबर तपासला गेला, थोडा बदललेला नंबर मिळाला, काचेवर चकाकी कमी करणारा थर आला. फरक त्यामुळे पडला, श्रेय मात्र निळ्या प्रकाशाने खाल्लं.

मॉनिटरवरच्या शिक्क्यांचंही तसंच. प्रयोगशाळेत मोजलेला निळा प्रकाश अमुक मर्यादेखाली आहे, एवढंच ते सांगतात. तुमचे डोळे दुखणार नाहीत, असं ते सांगत नाहीत. ‘फ्लिकर फ्री’ला मात्र थोडा अर्थ आहे. काही स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी दिवा फार वेगाने चालू-बंद करतात, आणि काही लोकांना, विशेषतः अर्धशिशीवाल्यांना, त्याचा त्रास होतो. पण आजकाल बहुतेक चांगल्या मॉनिटरमध्ये ही सोय असतेच, त्यासाठी वेगळे पैसे मोजायला नकोत. रात्री स्क्रीन पिवळसर करणारा ‘नाइट मोड’ आवडत असेल तर जरूर लावा, त्यात नुकसान नाही. मात्र रात्री साडेबारापर्यंत काम करून झोप येत नाही, याचं खापर निळ्या रंगावर फोडू नका.

खरा गुन्हेगार: न मिटलेली पापणी

डोळे चुरचुरण्याचं मोठं कारण जास्त साधं आहे, आणि फुकटही. आपण पापणी लववायला विसरतो.

१९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जपानी डॉक्टरांची एक छोटी नोंद आली होती. त्यांनी ऑफिसात काम करणाऱ्या लोकांच्या पापण्या मोजल्या. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववत होता. टेबलावर ठेवलेलं पुस्तक वाचताना १० वेळा. स्क्रीनवर वाचताना फक्त ७ वेळा.

इथवरची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. पण त्याच नोंदीत दुसरं एक माप होतं, आणि मोठा मॉनिटर घेणाऱ्याने तेच लक्षात ठेवायला हवं. पापण्यांमधून डोळ्याचा किती भाग उघडा राहतो? पुस्तक वाचताना सरासरी १.२ चौरस सेंटिमीटर. स्क्रीनकडे पाहताना २.३. म्हणजे जवळपास दुप्पट.

असं का? पुस्तकाकडे आपण खाली पाहतो, तेव्हा वरची पापणी आपोआप खाली येते आणि डोळा अर्धा झाकलेला राहतो. समोर किंवा वर पाहताना डोळा टक्क उघडा असतो. उघड्या भांड्यातलं पाणी लवकर आटतं, तसंच डोळ्यावरच्या अश्रूंचं. त्यात वर गरगरणारा पंखा किंवा थेट तोंडावर येणारा एसी असला, की झालंच.

आता सांगा, स्क्रीन जितकी उंच, तितका डोळा जास्त उघडा. हे कुठल्या खोक्यावर लिहिलेलं पाहिलंत?

मोठी स्क्रीन, उथळ टेबल

३२ इंची मॉनिटरची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते आणि रुंदी सुमारे ७१. खाली स्टँडमुळे दहा-बारा सेंटिमीटरची जागा धरा. म्हणजे स्क्रीनची वरची कड टेबलापासून ५० सेंटिमीटरच्या वर जाते. नीट बसल्यावर टेबलाच्या फळीपासून आपले डोळे साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरवर असतात. उंची कमी असेल तर आणखी खाली. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि मधला भाग नजरेच्या १५-२० अंश खाली, हा साधा नियम इथेच मोडला. दिवसभर हनुवटी वर, डोळे टक्क, मान मागे.

त्यावर लोक काय करतात? मॉनिटरखाली अजून दोन जाड पुस्तकं ठेवतात! कुठेतरी वाचलेलं असतं की मॉनिटर उंच हवा. तो सल्ला लॅपटॉप आणि लहान स्क्रीनचा होता. ३२ इंचीला तो लावला तर मानेची वाट लागते.

मग खोली. बाजारातली बरीच छोटी कॉम्प्युटर टेबलं १८ इंच, म्हणजे ४५ सेंटिमीटर खोल असतात. मॉनिटरचा स्टँडच त्यातला निम्मा भाग खातो. परिणामी डोळा आणि स्क्रीन यांत जेमतेम ४५ सेंटिमीटर उरतात. ३२ इंची स्क्रीनपासून एवढ्या अंतरावर बसणं म्हणजे सिनेमाला पहिल्या रांगेत बसणं. डाव्या कोपऱ्यातलं घड्याळ आणि उजव्या कोपऱ्यातली चॅटची खिडकी पाहायला दिवसभर मान वळत राहते. हीच स्क्रीन ७० सेंटिमीटरवर ठेवली तर मान जवळपास स्थिर राहते, नुसते डोळे फिरतात.

म्हणून सांगतो, आधी टेप घ्या आणि टेबल मोजा. २४ इंचीला ५५ ते ६० सेंटिमीटर, २७ इंचीला ६० ते ७०, ३२ इंचीला ७० किंवा थोडं जास्त, एवढं अंतर डोळा आणि स्क्रीन यांत सुटायला हवं. ढोबळ माप म्हणजे, खुर्चीत पाठ टेकून हात सरळ पुढे केला की बोटांची टोकं स्क्रीनला लागावीत, मोठ्या स्क्रीनला तीही लागू नयेत. टेबल १८ इंची असेल आणि बदलणं शक्य नसेल, तर ३२ इंचीचा नाद सोडा. २४ इंची घ्या, किंवा मॉनिटर भिंतीवर, नाहीतर मागे ढकलता येणाऱ्या आर्मवर बसवा. यासाठी मॉनिटरच्या मागे ‘व्हेसा’ पद्धतीची चार भोकं आहेत का, हे घेतानाच पाहा.

खुर्ची-टेबल उंच वाटतं, पाय लोंबकळतात? पायाखाली जेवणाचा पाट घ्या. महागड्या फूटरेस्टची गरज नाही.

४के घ्यायचं आणि मुंगीएवढी अक्षरं वाचायची

आता ४के बद्दल. यात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीच्या चौपट. याने अक्षर स्वच्छ दिसतं, हे खरं आहे, आणि मराठी वाचणाऱ्याला तर त्याचा जास्त फायदा होतो. देवनागरीत वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक एका छोट्या रेघेचा. थोड्या ठिपक्यांत या रेघा एकमेकींत मिसळतात आणि मेंदूला अंदाज बांधत वाचावं लागतं.

पण याला मर्यादा आहे, आणि ती डोळ्याने ठरवलेली आहे. ६/६ नजरेच्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. त्यावरून हिशेब काढला तर ठिपके वेगळे दिसणं साधारण इतक्या अंतरापलीकडे थांबतं:

- २४ इंची फुल एचडी: ९५ सेंटिमीटर
- २७ इंची फुल एचडी: १०७ सेंटिमीटर
- २७ इंची क्यूएचडी: ८० सेंटिमीटर
- २७ इंची ४के: ५३ सेंटिमीटर
- ३२ इंची ४के: ६३ सेंटिमीटर

म्हणजे २७ इंची फुल एचडी हा वाचण्याच्या कामाला सगळ्यात वाईट सौदा. स्क्रीन वाढली, ठिपके तेवढेच राहिले. २७ ला निदान क्यूएचडी हवं, ३२ ला ४के हवं. आणि काहींची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते, त्यांना थोडा जास्त फरक जाणवेल. पण २७ इंचीवर याहून जास्त ठिपक्यांसाठी पैसे मोजून डोळ्यांना आणखी आराम मिळेल, या भ्रमात राहू नका.

खरा घोळ मॉनिटर लावल्यानंतर होतो. तरुण मंडळी विशेषतः सेटिंगमध्ये जाऊन स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवतात. कारण काय, तर “जास्त मावतं ना!” २७ इंची ४के वर असं केलं तर नेहमीच्या मजकुरातलं इंग्रजी मोठं अक्षर जेमतेम दीड मिलिमीटर उंच उरतं. ६० सेंटिमीटरवरून आरामात वाचायला ते साडेतीन मिलिमीटरच्या आसपास हवं. देवनागरीला, वरच्या-खालच्या मात्रा धरून, त्याहून जरा जास्तच. मग माणूस नकळत पुढे सरकतो, पाठीला पोक येतो, डोळे बारीक होतात. चांगलं ६५ सेंटिमीटर अंतर ठेवून घेतलेली स्क्रीन ४० सेंटिमीटरवरून वाचली जाते.

जास्त ठिपके असतात ते तेवढीच अक्षरं अधिक रेखीव दिसावीत म्हणून. बारीक अक्षरं जास्त कोंबता यावीत म्हणून नव्हे. २७ इंची ४के ला स्केलिंग १५० टक्के ठेवा, ३२ इंचीला १२५ ते १५०, आणि चाळिशी ओलांडली असेल तर बिनदिक्कत आणखी वाढवा. त्यात कमीपणा काही नाही.

घरच्या घरी एक परीक्षा करा. स्क्रीनवर नेहमीचा मजकूर उघडा, उठा, आणि नेहमीच्या अंतराच्या तिप्पट मागे जाऊन उभे राहा. तिथून तो कसाबसा वाचता आला तर आकार बरोबर. नाही आला तर अक्षरं मोठी करा. जो आकार डोळे ताणून जेमतेम वाचता येतो, त्याच्या तिप्पट आकारावर दिवसभर काम करावं, असा हा ठोकताळा आहे.

उजेडाची परीक्षा त्याहून सोपी. स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी झळकत असेल तर उजेड कमी करा, मळकी दिसत असेल तर वाढवा. बरेच मॉनिटर दुकानात उठून दिसावेत अशा उजेडावर सेट होऊन येतात. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुमच्या पाठीशी नको, बाजूला हवी. उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्यावर काळी अक्षरं बहुतेकांना सोपी जातात. डार्क मोड आवडीने वापरा, डोळ्यांचं औषध म्हणून नको.

चाळिशीनंतर खरी गडबड चष्म्याची

चाळिशी लागली की जवळचं वाचायला वेगळा नंबर लागतो. हा नंबर साधारण ४० सेंटिमीटरसाठी, म्हणजे पुस्तक-मोबाइलसाठी काढलेला असतो. मॉनिटर मात्र ६० ते ७० सेंटिमीटरवर. वाचायच्या चष्म्यातून तो धूसर दिसतो म्हणून माणूस पुढे झुकतो.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर वेगळाच तमाशा. या काचेत लांबचा नंबर वर, जवळचा खाली, आणि मॉनिटरच्या अंतराचा नंबर मधल्या एका अरुंद पट्ट्यात. लहान लॅपटॉपवर हे चालून जातं. ३२ इंची स्क्रीन आली की वरच्या ओळी वाचायला हनुवटी वर करावी लागते, कडेचं वाचायला मान वळवावी लागते. दिवसातून किती वेळा, मोजा. मग मानेचा एक्स-रे, पट्टा, शेकणं, मालिश, आणि निदान होतं ‘स्पॉन्डिलोसिस’. पन्नाशीतल्या बहुतेकांच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसतेच. दुखण्याचं कारण कधीकधी नाकावर बसलेलं असतं.

उपाय साधा आहे. डोळे तपासायला जाताना तुमची स्क्रीन किती सेंटिमीटरवर आहे, हे मोजून सांगा. त्या अंतराचा वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या, किंवा ऑफिसच्या कामासाठी मिळणाऱ्या खास काचा विचारा. हा चष्मा घालून रस्त्यावर गाडी चालवायची नाही, एवढं लक्षात ठेवा. ब्लू कटचे जास्तीचे पैसे वाचवलेत, तर हा चष्मा त्यात बसेल.

कंपन्यांना दोन शब्द

हिंजवडीत काय, ऐरोलीत काय, कंपनी हातात १४ इंची लॅपटॉप देते आणि मोकळी होते. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले. स्क्रीन डोळ्यांना बरोबर उंचीवर ठेवली तर हात हवेत, हात बरोबर ठेवले तर मान खाली. दिवसाचे आठ-नऊ तास त्यावर काम करणं म्हणजे मानेवर अन्याय आहे. मग कर्मचारी स्वतःच्या पगारातून मॉनिटर घेतो आणि खोक्यावरच्या डोळ्याच्या चित्राला फसतो.

ब्रिटनमध्ये १९९२ पासून नियम आहे. स्क्रीनवर सतत काम करणाऱ्याची बसण्याची जागा मालकाने तपासायची, कर्मचाऱ्याने मागितली तर डोळ्यांच्या तपासणीचा खर्च द्यायचा, आणि केवळ स्क्रीनसाठी वेगळा चष्मा लागला तर साध्या चष्म्याचाही. वर्षातून एकदा ‘वेलनेस वीक’ साजरा करून स्ट्रेस बॉल वाटणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनी त्याऐवजी एक बाहेरचा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि चष्म्याचा खर्च द्यावा. तुम्ही नोकरी करत असाल तर हे मागा. मागण्यात लाज कसली? गवंड्याला हेल्मेट देतात, ते काही उपकार म्हणून नव्हे.

मग घ्यायचा तरी कसा?

दुकानात जाण्याआधी तीन मापं कागदावर लिहा: टेबलाची खोली, बसल्यावर टेबलापासून डोळ्यांची उंची, आणि पाठ टेकून बसल्यावर डोळ्यांपासून टेबलाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर. मग या क्रमाने पाहा:

१. उंची वर-खाली होणारा स्टँड. हे ‘आय केअर’च्या कुठल्याही शिक्क्यापेक्षा मोलाचं. स्वस्त मॉनिटर नुसते मागे-पुढे कलतात.
२. टेबलाला झेपेल तेवढाच आकार.
३. त्या आकाराला साजेसे ठिपके.
४. चकाकी न मारणारी मॅट स्क्रीन.
५. ४के घेत असाल तर तुमचा कॉम्प्युटर आणि केबल त्याला पुरी पडते का ते विचारा. जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के फक्त सेकंदाला ३० चित्रांवर चालतं, माउसचा बाण अडखळत सरकतो. निदान ६० हवीत.

घरी आणल्यावर पंखा-एसीचा झोत तोंडावरून बाजूला करा. दर वीस मिनिटांनी नजर लांब न्या आणि पाच-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटा, अर्धवट नव्हे. तरी चुरचुरत असेल तर डॉक्टरला विचारून प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरता येतात. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आपल्या मनाने आणून महिनोन्‌महिने घालू नका.

आणि “स्क्रीनमुळेच असेल” म्हणू नका

या सगळ्या जाहिरातबाजीवर माझा सगळ्यात मोठा राग वेगळ्याच कारणाने आहे. डोळ्यांचं प्रत्येक दुखणं ‘स्क्रीनचं’ आहे, असं तिने आपल्याला पटवून दिलं आहे. मग धूसर दिसायला लागलं की माणूस मॉनिटर बदलतो, चष्म्यावर नवा थर चढवतो, आणि डोळे तपासायचं सहा महिने पुढे ढकलतो.

स्क्रीनचा थकवा दोन्ही डोळ्यांना येतो, दिवस सरताना वाढतो आणि विश्रांतीने जातो. यात न बसणारं काही असेल तर ते स्क्रीनचं नाही असं धरा. एकाच डोळ्याने अचानक कमी दिसणं, विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, लाल डोळ्यासोबत जोराची कळ, दिव्याभोवती रंगीत वलयं, दोन-दोन दिसणं: यात त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मानेसोबत हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल तर तेही दाखवा. नजर कधी साफ, कधी धूसर, असं काही दिवस होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, दिसत चांगलं असलं तरी. चाळिशीनंतर डोळ्याचं प्रेशर आणि नस तपासून घ्या, घरात कोणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. काचबिंदू बऱ्याचदा दुखत नाही, सुरुवातीला समजतही नाही, आणि त्यात गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. त्याला थोपवता येतं, पण वेळेवर सापडला तरच.

मोठी स्क्रीन खुशाल घ्या. चांगली घ्या. पण तिच्याकडून स्वच्छ अक्षरांपलीकडे काही मागू नका, आणि तिच्या भरवशावर डोळ्यांची तपासणी टाळू नका. आज संध्याकाळी टेप काढा, टेबल मोजा, अक्षरं मोठी करा. आणि डोळे शेवटचे कधी तपासले हे आठवत नसेल, तर उद्या सकाळी फोन करून वेळ घ्या.

काळजी घ्या.